मदत हवी आहे: कार्बोमर ९४० मधील बेंझीनचे प्रमाण कोठे तपासून मिळेल?

नमस्कार. आमच्या छोट्या कारखान्यात कोरफडीचे जेल तयार होते आणि त्याला घट्टपणा आणण्यासाठी आम्ही कार्बोमर ९४० वापरतो. ही पांढरी पूड पाण्यात भिजवून ट्रायइथेनॉलअमाइन हा अल्कधर्मी द्रव घातला की मिश्रण पाहता पाहता दाटते. कार्बोमर स्वतः त्वचेला फारसे त्रासदायक नसते. माझी काळजी वेगळी आहे. जुन्या पद्धतीत ते बेंझीन या द्रावकात तयार होते आणि त्याचा अंश पुडीत राहू शकतो. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. औषधांमधील बेंझीनसाठी २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) ही आंतरराष्ट्रीय मर्यादा असून, अशा कार्बोमरऐवजी दुसरे घटक वापरण्याबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये औषध उत्पादकांना मार्गदर्शन केले.

आमच्या व्यापाऱ्याने दिलेल्या तपासणी प्रमाणपत्रात दाटपणा (व्हिस्कॉसिटी), पीएच आणि ओलावा यांचे आकडे आहेत, परंतु उर्वरित द्रावकाचा, म्हणजे बेंझीनसारख्या अंशाचा, रकाना कोरा आहे, आणि विचारले तर 'सगळे हेच वापरतात' एवढेच उत्तर मिळते. लहान मुलांच्याही अंगाला लागणाऱ्या वस्तूसाठी हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

पुणे-मुंबई परिसरात गॅस क्रोमॅटोग्राफीने (वायुरूपात घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) ही चाचणी करणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा कोणती? सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० आणि आयएस ४७०७ (सौंदर्यप्रसाधनांच्या कच्च्या मालाविषयीचे भारतीय मानक) यांनुसार याची कोणती नोंद ठेवावी? बेंझीनविरहित कार्बोमर वापरणाऱ्यांनी घट्टपणातील फरकही कृपया कळवावा.