छडी, दया आणि ‘बापांनो’

पलासियाकर
सर्वांना सलाम. “दया चर्चमध्ये ठीक, घरात छडीच, नाहीतर पोरं डोक्यावर मिरे वाटतात” ही कालची पोस्ट आणि तिच्याखालची आमेनची रांग वाचून गप्प बसवेना.

दया म्हणजे सोडून देणं नव्हे. रविवारी पावणेनऊला सात वर्षांचं पोर बूट घालत नाही. दारातून ओरडू नका. जवळ जाऊन गुडघ्यावर बसा आणि एकदाच सांगा, “बूट घाल. तू घालतोस की मी घालू?” मग मनात दहापर्यंत मोजा. पाचालाच पुन्हा बोललात तर पहिल्या सांगण्याची किंमत गेली. तरी नाही तर मुकाट्यानं तुम्हीच बूट चढवा. जितकी मिनिटं उशीर, तितकी संध्याकाळच्या खेळातून वजा, आणि हे शनिवारीच सांगून ठेवलेलं हवं. रागात ठोकलेली ‘महिनाभर मोबाइल बंद’ बुधवारी आपणच मोडतो.

जुना_शब्बाथशाळावाला
बूट काय, स्टॉपवॉच काय! बायबलातलं नीतिसूत्रे 13:24 वाचा, छडी आवरणारा मुलाचा वैरी.

पलासियाकर
मूळ हिब्रू शब्द ‘शेबेत’. स्तोत्र 23 मध्ये मेंढपाळाच्या हातातही तोच, आणि तिथं तो धीर देतो.

जुना_शब्बाथशाळावाला
मग नीतिसूत्रे 23:13-14 मध्ये मेंढरं दाखवा. तिथं मुलाला मारायचंच म्हटलंय.

पलासियाकर
म्हटलंय, मान्य. पण प्रेषित पौल इफिसकरांच्या पत्रात, 6:4 मध्ये, बापांना सांगतो, मुलांना चिरडीस आणू नका. तेही आमेन म्हणूनच वाचा.

तुकोगंजची_मावशी
इथंच तर मेख आहे! त्या वचनात मराठी बायबलात ‘बापांनो’, हिंदीत ‘बच्चे वालो’. इंदूरची उपासना हिंदीत, त्यामुळे इथले बाप आरामात सुटतात. रागवायचं आईनं, प्रार्थना आईनं, शब्बाथशाळेची (मुलांच्या बायबलवर्गाची) वचनं पाठ करून घ्यायची आईनं.

जुना_शब्बाथशाळावाला
विषय काय, बोलताय काय? आणि त्या वचनातल्या मूळ ग्रीक ‘पातेरेस’मध्ये आईबाप दोघं येतात. इब्री 11:23 बघा, मोशेला आईबाप दोघांनी लपवलं, तिथंही तोच शब्द.

तुकोगंजची_मावशी
इफिसच्याच 6:2 मध्ये आईसाठी वेगळा शब्द आहे, दोन ओळी खाली ती कुठे गडप झाली? सोयीचं ग्रीक तुमचं!

आता प्रार्थनेचंच घ्या. पोरासमोर “देवा, याला सुबुद्धी दे” म्हणणं हा टोमणा आहे, प्रार्थना नव्हे. शिक्षा म्हणून वचन वीसदा लिहायला लावलं की पोराला वचनाचाच वीट येतो. “का केलंस?” विचारलं की खोटं ऐकायला मिळतं. “काय झालं?” विचारा, तेही रडू थांबल्यावर. सॉरी वदवून घेऊ नका. सांडलेलं त्याच्याकडून पुसून घ्या, फडकं हातात द्या. मग “माफ केलं” हे तोंडानं म्हणा आणि पाहुण्यांसमोर ते पुन्हा उकरू नका.

जुना_शब्बाथशाळावाला
सगळं माफच करायचं तर शिस्त कशाला?

पलासियाकर
लूक 15 मधला उधळ्या मुलाचा बाप धावत गेला, गळ्यात पडला, मेजवानी दिली. पण उडवलेला वाटा पुन्हा दिला नाही. थोरल्याला म्हणाला, माझं आहे ते सगळं तुझंच. मिठी मिळाली, पैसे गेले ते गेलेच.

जुना_शब्बाथशाळावाला
हं. मिनिटं वजा करायचं तेवढं पटलं. दहापर्यंत मोजायचं तुमचं तुम्हाला लखलाभ.

तुकोगंजची_मावशी
आधी बूट कुठल्या कपाटात असतात ते शोधा, मग मोजा.