नवीन गटशिक्षणाधिकारी म्हणून हजर झालोय, गावकरी विश्वासच ठेवत नाहीत, काय करू?

नवाकोरा_साहेब:
नमस्कार मंडळी. एमपीएससीतून डायरेक्ट सिलेक्शन झालं, दीड महिन्यापूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात गटशिक्षणाधिकारी म्हणून हजर झालो. वय ३१, शाळेत शिकवल्याचा अनुभव शून्य, आधीच कबूल करतो. मागच्या आठवड्यात एका वस्तीवरच्या शाळेत गेलो, पट १४ म्हणजे पोरं १४च, गाडी थांबते न थांबते तोच एक आजी नातवाचं दप्तर काखेत धरून म्हणाली, "शाळा बंद करायला आलासा ना?" मी हसून नाही म्हटलं पण कुणाला पटलं नाही, आधीचे साहेबपण म्हणे हसून नाहीच म्हणायचे. २०२३ ला छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाल्यापासून २० च्या आत पट असलेल्या गावांत हीच धास्ती आहे. शिक्षक तर "हो सर"च्या पुढे बोलतच नाहीत. सुरुवात कुठून करू?

रिटायर्ड_विस्तार:
आधी चहापासून. गावात गेलात की पहिला चहा कुणाकडे घेतला ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळतं, सरपंचाकडे घेतला तर विरोधी पार्टी गेली, त्यांच्याकडे घेतला तर सरपंच गेला. मी ११ वर्षं शाळेच्या व्हरांड्यात बसूनच प्यायलो, कप शाळेतला. दुसरं, न कळवता दुपारच्या सुट्टीत जा, पोरांच्या पंगतीत बसून खिचडी खा, मग चव नोंदवही मागा, रोज खिचडी चाखून सही करायची ती. मला एकदा पुढच्या आठवड्याच्या सह्या आजच मारलेल्या सापडल्या, एकाच पेनाने! शेरेबुकात काही लिहिलं नाही, बाईंना फक्त वही उघडून दाखवली. पुढच्या खेपेला वही बरोबर होती आणि खिचडीत भाजीपण.

खडू_आणि_डस्टर:
साहेब, राग मानू नका, मी शिक्षक आहे. सकाळी ११ ला व्हॉट्सॲपवर मेसेज पडतो, "तात्काळ, दुपारी २ पर्यंत माहिती सादर करा", तीच माहिती जी मागच्या महिन्यात दिली, यूडायस या सरकारी पोर्टलवर आहे, आणि तरी परत एक्सेलमध्ये पाहिजे. त्यात मतदार यादीची बीएलओ ड्युटी आमच्याच गळ्यात. मग पालक म्हणतात सर मोबाईलमध्येच डोकं घालून असतात, आणि त्यांचं खोटं नाहीये. तुम्ही एवढंच करा की जी माहिती ऑफिसात आधीच आहे ती परत मागू नका, महिनाभरात शिक्षक स्वतःहून बोलायला लागतील.

न्यूजर्सीकर_आई:
इकडे आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला नवीन सुपरिटेंडेंट, म्हणजे शाळांचे मुख्य अधिकारी, आले तेव्हा मी स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेले होते. बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं आणि तेच सुपरिटेंडेंटला नेमतं, मीटिंग उघडी असते आणि कुठल्याही पालकाला माइकवर बोलता येतं, आमच्याकडे ३ मिनिटं. तुमच्याकडे असं काही नाही का?

रिटायर्ड_विस्तार:
आहे की ताई, शाळा व्यवस्थापन समिती. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ७५ टक्के पालक, निम्म्या बायका. फक्त ती प्रोसिडिंगच्या वहीतच भरते.

दोन_मुलांची_आई:
खरंय. मी दोन वर्षं सदस्य होते. सर घरी यायचे, मी भाकऱ्या थापत असायची, पिठाच्या हातानं सही करायची, झाली मीटिंग. एकदा विचारलं कशावर सही करतेय तर म्हणाले काही नाही, रूटीन आहे, नंतर कळलं मुलींच्या संडासाच्या दुरुस्तीला खर्च दाखवलाय, आणि संडासाला कडी आजपण नाही. साहेब, मीटिंग दुपारी ठेवू नका, आम्ही मजुरीवर असतो. संध्याकाळी सातला ठेवा आणि मागच्या वर्षीचा खर्च मोठ्यानं वाचून दाखवा, बाकी आम्ही विचारू काय विचारायचं ते.

नवाकोरा_साहेब:
ताई, खर्च वाचायचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच सगळ्या केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांचा गट बघतात ते) खर्चाच्या वह्या घेऊन बोलावतो. पण आजीनं पटाचं परत विचारलं तर काय सांगू? बंद होणार नाही असं सांगून टाकू का?

रिटायर्ड_विस्तार:
अजिबात नको, ते तुमच्या हातात नाही आणि हे आजीला तुमच्याआधी माहीत आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असा नियम आहे, तो सांगा. पुढची शाळा किती लांब, मध्ये ओढा आहे का, पावसाळ्यात तो किती दिवस भरलेला असतो, हे आजीला सोबत घेऊन चालत जाऊन बघा आणि तसा रिपोर्ट वर पाठवा. कॉपी आजीच्या नातवाकडे द्या.

नवाकोरा_साहेब:
चालत जातो. शुक्रवारी संध्याकाळी ठरवतो.

खडू_आणि_डस्टर:
शुक्रवार म्हणताय, पण तिथला बाजार कुठल्या वारी असतो ते आधी विचारा. बाजाराच्या दिवशी वस्तीवर कुत्री सोडून कुणी भेटायचं नाही.