मदत हवी: बळदात जुना फोटो आणि बिल्ला सापडला, सोमवारी घर पाडणार

घाईत_आहे: आजोबांचं माळवदाचं घर पाडायला काढलंय. बळद (भिंतीतलं धान्य साठवायचं कोठार) फोडताना पत्र्याची पेटी निघाली. आत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो आणि एक पितळी बिल्ला. फोटोमागे मोडीत लिहिलंय. ही माणसं कोण, कसं शोधायचं? सोमवारी जेसीबी येतोय, पटकन सांगा.

बाळीवेसवाला: कुठली पेठ? फोटोत किती जण? बिल्ल्यावर काय आहे? काहीच न सांगता पटकन काय सांगणार ओ?

घाईत_आहे: सोलापूर, साखर पेठ. अकरा पुरुष, मागे चिमणी. बिल्ल्यावर नुसता ४१७.

मिलचा_नातू: मिल कामगाराचा बिल्ला तो. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये (नावच ‘जुनी मिल’) साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, असाच बिल्ला होता त्यांचा. चिमणी म्हणजे जुनी मिलच, डोळे झाकून.

बाळीवेसवाला: डोळे झाकूनच सांगताय. नरसिंग गिरजी मिलला चिमणी नव्हती? लक्ष्मी-विष्णूला?

इतिहासप्रेमी_सोलापूर: टोप्या गांधी टोप्या आहेत का? असतील तर फोटो १९३० चा समजा. ९ ते ११ मे, सोलापूर स्वतंत्र होतं ते तीन दिवस! शंकाच नको.

मोडीवाचक: शंका आहे. त्या तीन दिवसांत रस्त्यावर गोळीबाराचं वातावरण, आणि हे अकरा जण स्टुडिओवाला बोलावून ओळीने उभे राहिले? १२ मेला मार्शल लॉ लागल्यावर तर गांधी टोपी घातली म्हणून धरत होते. टोपीवरून साल ठरत नाही.

इतिहासप्रेमी_सोलापूर: १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार हुतात्मे फासावर गेले. त्यांच्या गावात असला फोटो निघाला तर अभिमान नको का वाटायला?

मोडीवाचक: अभिमानाबद्दल कोण बोललं? धागाकर्ते, मागच्या लिखाणावर सलग रेघ आहे का? मोडीत आधी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं काढतात.

घाईत_आहे: रेघ नाही. गोल गोल अक्षरं, डोक्यावर बरोबरची खूण करतो तशी.

मोडीवाचक: मग मोडी कुठली, तेलुगू आहे ते.

शेंगाचटणी: कन्नड पण असू शकतं. आमची आज्जी अक्कलकोटची, तिच्या वहीत अशीच जिलेबी असायची.

मोडीवाचक: कन्नडात डोक्यावर आडवी रेघ येते, अशी बरोबरची खूण नाही. आणि पेठ कुठली ते बघा की, तेलुगू विणकरांची. घर आजोबांनी बांधलं की घेतलं?

घाईत_आहे: घेतलं. विणकर होते म्हणे आधीचे. ते महत्त्वाचं आहे का?

बाळीवेसवाला: हे पहिल्या ओळीत सांगायचं असतं!!

सिटीसर्व्हे: नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. कोणाचं नाव कधी कमी झालं, कोणाचं लागलं, सगळं त्यात. सिटी सर्व्हे नंबर द्या, सांगतो.

जुनंतेसोनं: फोटो लगेच लॅमिनेट करून टाका, शंभर वर्षं काही होणार नाही.

मोडीवाचक: अजिबात नको! उष्णतेने फोटोचा थर निघून येतो. कोऱ्या कागदात गुंडाळून सपाट ठेवा, पुसूही नका. आणि फोटो काय पळून जातोय का? पळतंय ते घर. सोमवारच्या आत चौकट, तुळया, बळद, विटांवरचे छाप यांचे फोटो घ्या. माग असल्याची खूण दिसते का तेही बघा, मागाचा खड्डा फरशीखाली दबलेला असतो.

मिलचा_नातू: भोंगा आठवतो का कुणाला? आमच्याकडे घड्याळच नव्हतं, भोंग्यावर चूल पेटायची.

शेंगाचटणी: मामांकडे भोंगा झाला की डबा निघायचा. कडक भाकरी, शेंगाचटणी. आता कुठं मिळते तशी, ओ?

बाळीवेसवाला: धागा कशाचा आहे!

घाईत_आहे: शेजारच्या पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) काकूंना दाखवलं. म्हणाल्या, तेलुगूच आहे. पहिला शब्द पेळ्ळि, म्हणजे लग्न. पुढची नावं पाण्यानं गेलीत, फक्त शेवटचं अर्धं लागतंय. मांडवाचा खांब पण आहे कोपऱ्यात, मला आता दिसला.

इतिहासप्रेमी_सोलापूर: लग्नातही क्रांतिकारक असू शकतात.

सिटीसर्व्हे: अर्धं नाव पुरे आहे, पत्रकावर जुळवून बघता येईल. नंबर अजून दिला नाहीत.

घाईत_आहे: घरपट्टीच्या पावतीवरचा चालेल का?

सिटीसर्व्हे: तो महापालिकेचा मिळकत नंबर, वेगळा. आजोबांचं खरेदीखत बघा. त्यात विकणाऱ्याचं नावही असणार.

घाईत_आहे: खरेदीखत चुलत्यांकडे आहे आणि चुलते बोलत नाहीत. बघतो रविवारी जाऊन.