जुना रोलचा कॅमेरा आणि विदर्भातली नदीकाठची गावं : तुमचे अनुभव सांगा

वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, कोणत्याही काठावर रोलचा कॅमेरा घेऊन फिरला असाल तर इथे लिहा. फसलेले फोटोही चालतील. सुरुवात मी करतो.

गाव पवनी, जिल्हा भंडारा. कॅमेरा वडिलांचा, याशिका मॅट १२४ जी. एका रोलमध्ये बाराच फोटो. १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप निघाला ते हे गाव. पण टेकडीवर जायच्या आधीच माझे आठ फोटो किल्ल्याच्या दरवाजात आणि घाटावर संपले. याशिकात मान खाली घालून काचेत बघायचं, आणि तिथे डावं-उजवं उलटं दिसतं. डोंगा डावीकडे चालला होता, काचेत तो उजवीकडे सरकायचा. मी कॅमेरा भलतीकडेच फिरवायचो. तीन वेळा डोंगा निसटला.

शेवटी काठावर जाळं सोडवत बसलेल्या ढिवर काकांना विचारून त्यांचाच फोटो घेतला. "फोटू कुठी दिसते जी?" रोल धुतल्यावर, म्हटलं. मग त्यांना काचेत बघायला दिलं. बराच वेळ बघत राहिले. महिन्याभराने प्रिंट नेऊन दिली, तर स्वतःच्या चेहऱ्याआधी डोंग्याच्या फळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे ठिगळ मीच मारलं."

*

मी वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला आग्फा क्लिक थ्री नेला होता. मंदिरांवरचं कोरीव काम सुरेख आलं, पण प्रत्येक फोटोवर पांढुरका गोल डाग! मागच्या लाल खिडकीतून रोलचा आकडा बघतो ना, तिथूनच ऊन शिरलं होतं. पूर्वीच्या कित्येक रोलना लाल उजेड बाधत नसे, आताच्या रोलना बाधतो. तेव्हापासून खिडकीवर काळी चिकटपट्टी असते, आणि रोल फिरवायचा तो सावलीत, पदराखाली धरून.

*

कौंडण्यपूर, वर्धेचा काठ, झेनिट ई. उजेड मोजायचं मीटर केव्हाच बंद पडलंय. ४०० चा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल, त्यात लख्ख ऊन, म्हणून शटर १/५०० सेकंद आणि अ‍ॅपर्चर १६, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक लहान. घाट छान आला, पण दुपट्टा बांधलेल्या माणसांचे चेहरे पार काळे. दुसऱ्या खेपेला सावलीतल्या चेहऱ्यांसाठी अ‍ॅपर्चर ५.६, म्हणजे भोक मोठं ठेवलं. नदी पांढरी पडली, पण एका आजीच्या कपाळावरचं गोंदण स्पष्ट उमटलं.