मदत हवी आहे: जळगावात भाड्याचं घर, नोंदणीचं कसं पटवू?

नमस्कार मंडळी. अमळनेरहून जळगावला बदली झालीय. पिंप्राळ्यात दोन खोल्या पसंत पडल्या, भाडं ७,०००, डिपॉझिट ३०,०००. घरमालक काका माणूस चांगले, पण म्हणतात, "११ महिन्यांचाच करार, नोटरी पुरे." १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, जबाबदारीही मालकाचीच. त्यांना न दुखावता हे कसं सांगू? मागच्या घरी रंगकामाच्या नावाखाली माझं अख्खं डिपॉझिट गेलं, म्हणून जीव धास्तावलाय. इथेही मोरीमागच्या भिंतीला नव्या रंगाखाली पोपडे दिसले. फोटो काढून ठेवलेत. ते करारात जोडता येतात का? आणि ऑनलाइन नोंदणीचा खर्च तुमच्याकडे कोणी दिला?