ट्रॅक्टरचा डिझेल काटा अर्ध्यावरून एकदम शून्यावर पडतो: दोष मीटरचा की टाकीतल्या युनिटचा?

वेदगंगाकाठ (निपाणी)

जाणकारांना नमस्कार. आमच्या जुन्या ट्रॅक्टरची टाकी भरली की डिझेलचा काटा व्यवस्थित वर जातो आणि काम सुरू असताना हळूहळू खालीही येतो. मात्र अर्ध्याच्या जरा खाली आल्यावर तो एकदम शून्यावर पडतो आणि पुढे बरीच नांगरट झाल्यावर कुणी मध्येच डिझेल ओतून गेल्यासारखा आपोआप उठून पाव टाकी दाखवू लागतो. शेतात असताना टोपण उघडून काठी घालून पाहता येते. परंतु उसाचा हंगाम तोंडावर आला आहे आणि भरलेली ट्रॉली घेऊन रात्री तवंदी घाटातून संकेश्वरकडे जाताना काठीच्या भरवशावर राहणे परवडणारे नाही. डिझेल संपून लाइनने एअर धरली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर हमरस्त्याच्या कडेला फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बसावे लागते, हे इथे कुणाला सांगायला नको.

एका मेकॅनिकने संपूर्ण मीटर बदलण्यास सांगितले आहे. इंजिनाच्या तापमानाचा काटा ठीक चालतो आणि फ्यूजही शाबूत आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काही तपासता येईल का?

खानापूरकर

दादा, मीटर बदलण्याची घाई करू नका. तापमानाचा काटा बरोबर चालतो, याचा अर्थ चावीपासून मीटरपर्यंत करंट येत आहे, त्यामुळे फ्यूज आणि बॅटरी यांच्याकडे पाहण्यात वेळ घालवू नये.

टाकीच्या वरच्या बाजूस, डिझेलची पातळी मोजणाऱ्या युनिटच्या, स्क्रूने आवळलेल्या गोल झाकणावर एक वायर येते. चावी चालू ठेवून ती वायर काढा व काटा कुठे जातो ते पाहा. नंतर त्याच वायरचे टोक चॅसीच्या रंग नसलेल्या लोखंडाला टेकवा. एकदा काटा एका टोकाला आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष आहेत. कोणत्या वेळी ‘भरलेली’ आणि कोणत्या वेळी ‘रिकामी’ दिसेल, हे कंपनीनुसार बदलते, म्हणून त्यावरून गोंधळून जाऊ नये. जुन्या मीटरमधला काटा आतली पट्टी तापून हलतो, त्यामुळे त्याला थोडा अवधी द्यावा लागतो; मात्र काटा टोकाला पोहोचताच वायर काढून घ्यावी. टाकीचे टोपण बंद ठेवावे आणि ठिणगी पडेल असे काहीही टाकीच्या तोंडाशी करू नये.

वेदगंगाकाठ (निपाणी)

सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. वायर काढल्यावर काटा शून्यावर राहिला आणि चॅसीला टेकवल्यावर थेट ‘भरलेली’वर गेला. म्हणजे मीटर ठीक आहे असेच समजायचे ना? मग काटा मध्येच का पडतो?

ऑटो वायरमन (बेळगाव)

होय, मीटर ठीक आहे, आणि काटा पडून पुन्हा उठतो या आपल्या वर्णनातच दोषाची जागा दडलेली आहे. टाकीतल्या युनिटमध्ये फ्लोटच्या (डिझेलवर तरंगणाऱ्या डबीच्या) दांडीला जोडलेली एक बारीक पत्ती असते आणि ती तारेच्या गुंडाळीवर घासत पुढे-मागे सरकते. डिझेलच्या पातळीप्रमाणे गुंडाळीचा करंटला होणारा विरोध (तो ओहममध्ये मोजतात) कमी-जास्त होतो व तेवढाच काटा हलतो. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टर पूर्ण टाकी भरून क्वचितच चालतात, त्यामुळे पत्तीची सगळी घासाघीस गुंडाळीच्या त्याच मधल्या भागावर होते आणि तिथली तार झिजते. पत्ती त्या भागावर आली की सर्किट तुटते. आपल्या मीटरमध्ये वायर सुटलेली असताना काटा शून्यावर जातो हे आपण पाहिलेच आहे, म्हणून तो पडतो. पातळी आणखी उतरून पत्ती पुढच्या चांगल्या तारेवर आली की तो पुन्हा उठतो.

फ्लोटमध्ये डिझेल शिरले असते, तर टाकी भरूनही काटा खालीच राहिला असता. अर्थिंग, म्हणजे युनिटची चॅसीशी असलेली जोडणी, सुटले असते, तर काटा पातळीशी संबंध न ठेवता, खड्ड्यांत आदळताना नाचला असता. तरीही युनिट काढण्यापूर्वी त्याच्या झाकणापासून चॅसीपर्यंत एक जादा वायर जोडून पाहावी, कारण गंजलेला स्क्रू किंवा पॅकिंगला लावलेला जाड लेप यांमुळे अर्थिंग तुटण्याचे प्रकार आमच्याकडे पुष्कळ येतात. टाकी प्लास्टिकची असेल, तर अर्थिंगची स्वतंत्र वायर असतेच.

यानंतर टाकीतले डिझेल निम्म्याखाली आणून, झाकणाभोवतीची माती पुसून युनिट बाहेर काढा. मल्टीमीटर ओहमवर ठेवून एक टोक वायरच्या खिळीला व दुसरे झाकणाला लावा आणि दांडी अगदी सावकाश वरून खाली न्या. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच तो नाहीसा झाला, तर निदान पक्के. या खिळीवर थेट 12 व्होल्ट देऊन ‘चेक’ करणारे पुष्कळ आहेत. तसे केल्यास उरलेली गुंडाळीही जळते.

अथणीचा शेतकरी

आमच्या ट्रॅक्टरला हाच दोष होता. पत्तीला चिमट्याने किंचित बाक दिला, म्हणजे ती झिजलेल्या रेघेच्या बाजूने, चांगल्या तारेवरून घासू लागली. संपूर्ण हंगाम त्यावर निघाला, म्हणून नवीन युनिट लगेच घ्यायला पाहिजेच असे मला वाटत नाही. फ्लोटही हलवून पाहावा. आत डिझेल असल्यास खळखळ ऐकू येते.

ऑटो वायरमन (बेळगाव)

अथणीच्या अण्णांनी सांगितलेला उपाय चालतो, पण दाब जास्त झाला तर पत्ती उरलेली तारही लवकर खाते. घाटातून रात्री वाहतूक करायची असेल, तर मी नवीन युनिटच सुचवेन.

नवीन घेताना मात्र केवळ झाकणाची गोलाई आणि स्क्रूची भोके जुळली म्हणून घेऊ नये. काही युनिट रिकाम्या टाकीला सुमारे 10 आणि भरलेल्या टाकीला 180 ओहम दाखवतात, तर काही उलट, रिकाम्याला 240 आणि भरलेल्याला 33. आपल्या मीटरच्या चालीशी न जुळणारे युनिट बसले, तर काटा उलटा चालेल किंवा टाकी निम्मी असताना भरलेली दाखवेल. जुने युनिट सोबत नेऊन दुकानातच दोन्हींचे ओहम दांडीच्या दोन्ही टोकांना मोजावेत. झिजलेल्या युनिटचीही टोके बहुधा शाबूत असतात.

बसवताना पॅकिंग नवीन घ्या, झाकण जुन्याच दिशेने ठेवा आणि फ्लोट टाकीच्या भिंतीला अडत नाही याची खात्री करा. त्यानंतर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून कॅनने पाच-पाच लिटर डिझेल ओतत काटा कुठे येतो हे एकदा टिपून ठेवा. घाटाच्या चढावर डिझेल टाकीच्या एका बाजूला जमते व काटा थोडा फसवतोच, त्यामुळे तवंदी चढण्यापूर्वी काटा सपाटीवर पाहून घ्यावा.