दशावतारावर माहितीपट: ३० हजारांत कॅमेऱ्यासोबत आधी काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. कुडाळ-वेंगुर्ले भागातल्या जत्रांमधल्या दशावतारावर माहितीपट करायला घेतलाय. कार्तिकात जत्रा सुरू होतील, त्याआधी सामान जमवायचंय. सोनी झेडव्ही-ई१० आहे, सोबत आलेली १६-५० लेन्स आणि एकच बॅटरी. बाकी सगळ्याला मिळून तीस हजार. त्यावर रुपया नाही.

मागच्या हंगामात थोडं चित्रण करून पाहिलं. कॅमेऱ्याच्या माइकवर पायपेटी आणि झांजा ढणढणीत, संवाद त्याखाली गडप. आणि इथे तर लिहिलेली संहिताच नसते, नट जागेवर बोलतो. ते बोलणं हुकलं की गेलं, दुसऱ्या रात्री तेच आख्यान लागलं तरी संवाद वेगळे. त्यामुळे आवाजाला पहिला मान द्यायचा हे ठरलंय.

दुकानदार मात्र गिंबल (हातातला कॅमेरा हलू न देणारा दांडा), एलईडी लाइट आणि कॅमेऱ्यावर बसणारा शॉटगन माइक (समोरच्या दिशेचाच आवाज जास्त पकडणारा) असा संच गळ्यात मारतोय. यातलं काय घेऊ, काय सोडू? शिवाय नाटक पहाटेपर्यंत चालतं, तोवर बॅटरी कशी पुरवायची?

रानवाट: गिंबल आणि लाइट दोन्ही सोडा. चालू नाटकात तुम्ही लाइट लावलात तर प्रेक्षकच उठवतील, आणि ते बरोबरच आहे. शॉटगनही लांबून उपयोगाचा नाही. तुम्ही प्रेक्षकांच्या मागे असाल, तर तो पुढची कुजबुज आणि पेटी दोन्ही पकडणार.

रंगमंचावर माइक टांगलेले असतात ना? मग साऊंडवाल्याला गाठा. त्याच्या मिक्सरच्या (सगळ्या माइकचा आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) रेकॉर्ड आउटमधून वायर काढून झूम एच१एन सारख्या छोट्या रेकॉर्डरच्या लाइन-इनला द्या. नाटकाआधी पातळी तपासून घ्या, कारण मिक्सरकडूनच आवाज फाटून आला तर नंतर काही करता येत नाही. कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवा, नंतर रेकॉर्डरचा आवाज चित्राशी जुळवायला लागतो. सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी, दोन्ही यंत्रांत ऐकू जाईल अशी. शेवटची अशासाठी की तासन्‌तास रेकॉर्डिंग झालं की दोघांचं घड्याळ थोडं सरकतं.

रंगपटातल्या (नट जिथे रंगतात त्या खोलीतल्या) मुलाखतींना बोया बीवाय-एम१ हा कॉलरला लावायचा माइक पुरे. वायर ६ मीटर आहे, स्वस्तही आहे.

धूसर: आवाजाचं पटलं, पण लेन्सचं काय? १६-५० पूर्ण झूम केली की एफ/५.६ होते (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). एफ/१.४ ची लेन्स त्याच्या सोळापट प्रकाश आत घेते. रात्रीच्या नाटकाला हा फरक फार मोठा.

रानवाट: मान्य, पण तशी एफ/१.४ ची सिग्मा ३० मिमी लेन्स नवी घेतली तर निम्म्याहून जास्त पैसे तिथेच संपतील. जुनी बघा, नाहीतर मोठ्या जत्रेपुरती भाड्याने आणा. मी ट्रायपॉडवर पैसे घालीन, फ्लुइड हेडवाल्या (कॅमेरा संथ, झटक्याविना वळवू देणारं डोकं असलेल्या). नट अख्खा रंगमंच फिरतो आणि कॅमेरा त्याच्यामागे हळू वळवायचा असतो. फोटोवाल्या ट्रायपॉडवर ते झटके खातंच.

धागाकर्ती: बॅटरी आणि कार्डाचं कोणी सांगेल का?

धूसर: हा कॅमेरा यूएसबी-सीवर चालतो, म्हणून एक दमदार पॉवरबँक घ्या. ती कमरेला नको, ट्रायपॉडला बांधा. वर एक जास्तीची बॅटरी. मेन्यूत तापमानाची मर्यादा 'हाय' करा, नाहीतर लांबच्या टेकला कॅमेरा तापून मध्येच बंद पडेल. ४केला १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी लागतात. रात्रभर टेक चालणार असेल तर १०८०पी वापरा, किंवा व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची श्रेणी) ची १२८ जीबीची दोन-तीन कार्डं ठेवा. चित्रात दिव्यांची लुकलुक येऊ नये म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर.

रानवाट: आणि थंडीत तिथे पहाटे दव पडतं. लेन्सला मऊ कापड, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. फुकटात होण्यासारखं आहे.

धागाकर्ती: मग रेकॉर्डर, वायर, बोया, ट्रायपॉड, पॉवरबँक, कार्डं हे आता, आणि लेन्स भाड्याने. साऊंडवाल्याच्या मिक्सरला कुठली पिन लागते ते पुढच्या आठवड्यात जाऊन बघते, फोटो इथेच टाकीन.